गुत्त्यापासून निघणारे नकाशे

निरोप आला तेव्हा मी दारू पिऊन रस्त्याकडेला पडलो होतो. घाबरू नका, तालमीत. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या नाटकात यंदा मला दारुड्याचं काम आलं होतं, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी दिव्याच्या खांबाला मिठी मारून मी कोसळतो, तसा कोसळलो होतो. खांब म्हणजे बांबूला चिकटवलेला काळा कागद, त्यामुळे तोही माझ्याबरोबर आडवा झाला होता. मंडळाचे चिटणीस दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता खांबावरून ऐकावं लागणार. ते म्हणाले, "बाळूअण्णा, उठा. वामनराव गेले. अक्कांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला होता." मी उठलो आणि तसाच चालू लागलो. नाकाला लाल रंग, डोळ्यांखाली काजळ, अंगात मुद्दाम फाडलेला सदरा. रविवारची दुपार होती, आमच्या चामराजपेठेत सगळे घरात होते आणि सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. गल्लीनं पाहिलं ते असं, की वामनराव गेले त्याच दिवशी त्यांचा सख्खा मेव्हणा तांबड्या नाकानं रडत रडत येतोय. अक्कानं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आधी तोंड धू. त्यांना हसू आलं असतं..." मला खात्री आहे, आलं असतं.

वामनराव हे माझे भावजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हे त्यांचं खरं नाव नाही. ज्या मंडळींत त्यांनी आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षं घालवली तिथं पूर्ण नाव सांगायची पद्धत नाही, आणि ती पद्धत मी मोडली तर ते स्वप्नात येऊन माझी खरडपट्टी काढतील. ज्यांना ओळखायचं त्यांनी पहिल्या चार ओळींतच ओळखलं असेल. बाकीच्यांना नावाची गरज नाही.

आमची शेवटची निवांत भेट त्याआधी तीन आठवडे झाली, तीही तालमीतच. ते मागच्या खुर्चीवर येऊन बसले आणि माझं झोकांड्या खाणं शांतपणे पाहत राहिले. मी दाद मिळेल म्हणून त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "बाळू, तू प्यालेला दिसायची फार खटपट करतोस. प्यालेला माणूस उलटी खटपट करतो. तो सरळ चालायला बघतो. एकेक पाऊल मोजून, सभ्यपणे, जणू सगळं गाव परीक्षा घ्यायला बसलंय आणि हा पास होणारच आहे. ते कर, लोक रडतील." मी म्हटलं, "भावजी, लोकांना हसवायचंय." तर म्हणाले, "आधी हसतील. मग रडतील." वर आपल्या कामाचा अनुभव सांगावा तशा अभिमानानं म्हणाले, "पंधरा वर्षं केलंय मी ते काम. रोज प्रयोग, कधी सुट्टी नाही."

त्यांचं पोटापाण्याचं काम मात्र नकाशे काढण्याचं. शहराच्या रचनेच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. राजाजीनगर आज जिथं वसलंय तिथं शेतं आणि दगडाच्या खाणी होत्या, तेव्हा त्यातले कितीतरी रस्ते आधी वामनरावांच्या टेबलावर कागदावर उमटले. काळी शाई, रेघ काढायचं पेन, आणि पट्टीला नुसता स्पर्श करत जाणारा हात. आमच्याकडे पाहुणे आले की वडील जावयाची ओळख करून देताना म्हणायचे, "यांनी ओढलेल्या रेघेवर लोक घरं बांधतात." आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इथं, कन्नड मुलखात, आलेलं. आमच्यात माणूस भेटला की आधी तो कुणाचा कोण हे विचारायचं, मग पाणी द्यायचं. त्यात असा जावई म्हणजे मिरवायची वस्तू. हा जावई संध्याकाळी कचेरीतून सरळ घरी येत नाही, मार्केटच्या बाजूला सारायीच्या, म्हणजे गावठी दारूच्या, दुकानात बसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्या लोकांत दारूबद्दल बोलायची एकच रीत होती. "त्यांना स्वल्प बरं नाही" म्हणायचं. वामनरावांना वर्षाचे तीनशे दिवस स्वल्प बरं नसायचं.

मग हात थरथरू लागला. साहेब भला माणूस होता, त्यानं त्यांना काढलं नाही, टेबलावरून उठवून जुने नकाशे ठेवायच्या खोलीत बसवलं. भाषेवरून सीमा बदलून आमचं राज्य मोठं झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. सगळीकडे नवे नकाशे हवे होते आणि माझे भावजी जुन्यांवरची धूळ झटकत होते. एका सकाळी मी काही कामानं त्यांच्याकडे गेलो, तर वामनराव चहा पीत होते. ते दृश्य मी कुठल्याही नाटकात पाहिलेलं नाही. खांद्यावरचं उपरणं मानेमागून फिरवलेलं, त्याचं एक टोक उजव्या मनगटाला गुंडाळलेलं, दुसरं डाव्या हातात. डाव्या हातानं टोक खाली ओढलं की उजवा हात कपासकट हळूहळू तोंडापर्यंत वर चढायचा, विहिरीतून घागर चढावी तसा. चहाचा एक थेंब सांडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "कशी आहे कप्पी? अजून डोकं चालतं." मी हसलो. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती, ती हसली नाही. तिनं माहेरी निघून जायची धमकी कधी दिली नव्हती, कारण माहेर दोन गल्ल्यांवर, तिथं जाण्यात काही धमकी उरत नाही. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते. मग पुण्याला मावशीकडे जाईन आणि परत येणार नाही." अक्का बोलली की ते होतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. वामनरावांनाही.

जाहिरात सापडली तीही अक्कालाच. इंग्रजी सुधारावं म्हणून ती रोज इंग्रजी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचायची, सगळ्या, अगदी जुने पियानो विकणाऱ्यांच्यासुद्धा. त्यात दोन ओळी होत्या: दारू सोडायची इच्छा असेल तर अमुक नंबरच्या टपालपेटीवर पत्र लिहा, फी नाही. तिनं त्या कात्रीनं कापून ताटाशेजारी ठेवल्या. वामनरावांनी पत्र लिहिलं. मला म्हणाले, एवढी वाईट रेघ मी जन्मात ओढली नव्हती. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. उघडं पोस्टकार्ड चामराजपेठेत येणं म्हणजे ते आधी पोस्टमननं वाचणं, मग समोरच्या ओसरीवर, आणि मग धन्यानं. लिहिणाऱ्यानं भलेपणानं दारूचा उल्लेखच टाळला होता. मजकूर असा: दर गुरुवारी साडेसहाला काही मित्र चर्चमागच्या हॉलमध्ये भेटतात, जरूर यावं, चहा असतो. खाली सही, पर्सी.

चर्चमागचा हॉल. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं चर्च एकच असणार, त्याचं. पण कँटोन्मेंटात दर वळणावर एक चर्च आणि प्रत्येकाच्या मागे एक हॉल. आम्ही दोघं गुरुवारी बसनं तिकडे उतरलो आणि ज्यानं अर्ध्या शहराचे नकाशे काढले तो माणूस भर रस्त्यात उभा राहून मला विचारू लागला, "बाळू, आता कुठं?" पहिल्या गुरुवारी आम्ही जिथं शिरलो तिथं वीसेक माणसं गोलात उभी होती. एका बाईनं हसून आमच्या हातात पुस्तकं दिली. आम्हाला वाटलं, उपचाराची सुरुवात प्रार्थनेनं होत असावी. ती गाण्याची तालीम होती. वामनरावांचा आवाज चांगला आणि भजनाची सवय, त्यांनी तिसऱ्या ओळीपासून ताल धरला आणि पाचवीला सम गाठली, जी त्या गाण्यात नव्हती. शेवटी त्या बाईनं पुढच्या आठवड्यातही या म्हणून आग्रह केला. वामनराव बसमध्ये म्हणाले, "दारू सुटली नाही, पण आवाज चांगला लागला."

दुसऱ्या गुरुवारी आम्ही एका बारशात पोचलो. म्हणजे त्यांच्यातलं बारसं. कागदी पताका, केक, आणि दारातच मुलाच्या आजोबांनी पाहुणे समजून आमच्या दोघांच्या हातात एकेक ग्लास दिला. लाल, काठोकाठ. वामनरावांनी सकाळपासून घेतली नव्हती. एरवी थरथरणारा त्यांचा हात तो ग्लास आल्यावर स्थिर झाला. ते ग्लासाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे, आणि आजोबा आम्हा दोघांकडे, नातवाच्या नावानं घोट घेतला जावा म्हणून. मग वामनरावांनी आपला ग्लास माझ्या दुसऱ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझा मेव्हणा दोघांच्या वतीनं घेईल." बहिणीच्या संसारासाठी भावानं काय काय करावं याची मोठमोठी उदाहरणं आहेत. मी उभ्या उभ्या दोन ग्लास संपवले. परत येताना बसमध्ये ते सरळ बसले होते आणि मी त्यांच्या खांद्यावर होतो. अक्कानं दार उघडलं आणि आधी कुणाला आत घ्यावं हे तिला कळेना.

पण त्यात हसण्यासारखं थोडंच होतं, हे मला तिसऱ्या गुरुवारी समजलं. दोन तास फिरून झाले, तीन हॉल बंद निघाले. दिवे लागले होते. एका बारच्या समोर वामनराव थांबले. म्हणाले, "तू इथंच थांब," आणि आत गेले. मी म्हटलं, संपलं. दिवाळीला अकरा दिवस उरले होते... मी अक्काला काय सांगायचं याची वाक्यं जुळवू लागलो आणि एकही जुळेना. दोन मिनिटांत ते बाहेर आले. तोंडाला वास नव्हता. डोळे लकाकत होते. आत जाऊन त्यांनी दारू देणाऱ्या माणसाला विचारलं होतं, "जे लोक पूर्वी तुझ्याकडे रोज यायचे आणि आता येत नाहीत, ते गुरुवारी कुठं जातात?" तो माणूस जरा विचार करून म्हणाला होता, पोस्टाच्या मागचा बोळ, चर्चची पिवळी भिंत, हॉलच्या जिन्याखालची खोली, चार गिऱ्हाईकं गेली माझी तिकडे. सगळ्या कँटोन्मेंटात तो पत्ता नक्की ठाऊक असलेला तो एकटाच निघाला. आजही मला वाटतं, वामनरावांच्या बुद्धीची सगळ्यात सरळ रेघ ती.

खोलीत सात माणसं होती. मला व्हरांड्यात बसवलं, पण खिडकी उघडी होती, आणि पुढचं वामनराव स्वतःच रंगवून सांगायचे म्हणून सांगतो. पर्सी हे निवृत्त इंजिन ड्रायव्हर, भुवया एवढ्या जाड की त्यांच्यात कोळसा अडकला असावा असं वाटे. त्यांनी नव्या माणसाला विचारलं, तुमचं नाव? वामनरावांनी आमच्या रीतीप्रमाणे सुरुवात केली. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, गोत्र, मूळ गाव, फौजेबरोबर कोण आले, त्यांना कुठली जमीन मिळाली, सासरे कोण, सासऱ्यांचे मामा कोण. सगळं इंग्रजीत. पर्सींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि वामन, यातलं कोण पितं?" वामनराव म्हणाले, "मी." पर्सी म्हणाले, "मग बाकीच्यांना घरी जाऊ दे. तू बस."

दिवाळीला अक्का पुण्याला गेली नाही. चिरोटे केले, त्यातले डझनभर पर्सींना पाठवले.

आता इकडे गल्लीत काय झालं ते ऐका. पोस्टकार्ड सगळ्यांनी वाचलेलं. दर गुरुवारी वामनराव आंघोळ करून, स्वच्छ कोट घालून कँटोन्मेंटात चर्चमागे जातात. चेहऱ्यावर तेज आलंय. चिरोटे तिकडे जातायत. गल्लीनं हिशेब मांडला आणि उत्तर काढलं: वामनराव बाटणार. एका रविवारी सकाळी मंडळाचे अध्यक्ष तात्या, सत्तरीचे, उंच, चार ज्येष्ठांना घेऊन घरी आले. मी तिथंच होतो, असा प्रसंग मी का सोडीन. तात्यांनी घराण्याचा इतिहास पहिल्या घोड्यापासून काढला आणि शेवटी वामनरावांचा हात हातात घेऊन अगदी कळवळून म्हणाले, "वामना, तू पी. पूर्वी पीत होतास तशी पी. आम्ही कधी काही बोललो का? पण तिकडे जाऊ नकोस."

आतून अक्का आली. हाताला पीठ होतं. म्हणाली, "तात्या, तुम्हाला ते प्यालेले चालतात का? सरी, ठीक. मग आजपासून संध्याकाळी तुमच्याकडे पाठवते. उलटी झाली की पुसायचं फडकं मी देईन."

मग वामनराव उभे राहिले. खोली छोटी, त्यांचा आवाजही छोटा झाला होता. म्हणाले, "माझं नाव वामन. मी दारुडा आहे. एक्केचाळीस दिवस झाले, घेतलेली नाही. तिकडे देव बदलत नाहीत, तात्या. तिकडे फक्त हे बोलतात." नंतर मला म्हणाले, इंग्रजीत ते वाक्य त्यांनी सहा वेळा म्हटलं होतं आणि ते एखाद्या आजाराच्या नावासारखं वाटायचं, जवळजवळ पदवीसारखं. आपल्या भाषेत, आपल्या घरात, पाच ओळखीच्या माणसांसमोर म्हटलं तेव्हा पदवीचं काही उरलं नाही. ज्येष्ठ मंडळी चहा न घेता उठली. मला वाटलं, आता आपलं गल्लीतलं नाव संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या एकटेच आले. अंगणातच उभे राहिले. तुळशीकडे पाहत म्हणाले, "वामना, तिथं मराठी चालतं का? माझ्या थोरल्याला इंग्रजी येत नाही..."

अशी आमच्याकडची सभा सुरू झाली. तात्यांनी देवळामागची भांड्यांची खोली दिली. मंडळाची लग्नाची भांडी तिथं असतात, माणूस आत मावेल एवढाली पातेली, झारे, परातींची चळत. मधे चार बस्करं टाकायची आणि बसायचं. पण बसणार कोण? तात्यांचा थोरला पहिल्या गुरुवारी दारापर्यंत आला आणि परत गेला. त्यानंतर चार गुरुवार वामनराव एकटे. साडेसहाला कुलूप काढायचं, दिवा लावायचा, भांड्यांना उद्देशून म्हणायचं, "माझं नाव वामन," आणि पुढचं सगळं, नियमाप्रमाणे. तासभर वाट बघून कुलूप लावायचं. मी एकदा खिडकीतून डोकावून थट्टा केली, "भावजी, पातेली सुधारली का?" ते म्हणाले, "तळ दिसायला लागलाय." थट्टेत हरायची मला सवय नाही, पण त्यांच्यापुढे मी नेहमी हरलो.

पाचव्या आठवड्यात त्यांनी ठरवलं की चूक लोकांची नाही, पत्त्याची आहे. प्यायलेला माणूस वाट विचारत नाही. विचारली तर समोरचा उलट विचारणार, तू कोण, कुणाचा कोण, आणि तिथं कशाला. आमच्या गावात वाट विचारणं म्हणजे कुळकथा सांगणं. तेव्हा विचारावं न लागता पोचता आलं पाहिजे. आणि सुरुवात घरापासून करून उपयोग नाही, कारण दारुडा घरापासून निघत नाही. त्यांनी शहरातल्या एकेका गुत्त्यासमोर उभं राहून तिथपासून आमच्या भांड्यांच्या खोलीपर्यंतचा नकाशा काढला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, तळहाताएवढा. शब्द जवळजवळ नाहीत, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. गुत्त्याचं दार, डाव्या हाताला नळ, चिंचेचं झाड, लोहाराचा भाता, देऊळ, मागचा दिवा. आणि त्यावरून जाणारी एक रेघ. पहिल्या नकाशांतली रेघ थरथरलेली आहे. मी म्हटलं, परत काढा, आता हात बरा झालाय. म्हणाले, "राहू दे. ज्याच्या हातात जाणार त्याचा हातही असाच आहे. ओळखीची वाटेल."

हे नकाशे त्यांनी ठेवले कुठं, तर गुत्त्यातच. मालकांना जाऊन सांगितलं, "जो तुला त्रास देतो, उधार मागतो, रडतो, त्याला हे दे. तुझं चांगलं गिऱ्हाईक मी नेत नाही." मालकांना हे पटलं. पुढं पुढं हेब्बाळच्या तळ्याकडचा एक ताडीवाला स्वतः सायकलवरून येऊन म्हणाला, अण्णा, आमचे संपले, अजून पंचवीस द्या. खोली भरू लागली. तात्यांचा थोरला आला, टांगेवाला आला, एक शाळामास्तर, एक हलवाई. मराठी, कन्नड, दख्खनी, तमिळ, ज्याला जी येते ती. कचेरीत साहेबांनी वामनरावांना पुन्हा टेबलावर बसवलं. मोठ्या नकाशांवर त्यांचं नाव कधीच नसायचं, या छोट्यांवरही नव्हतं.

एकदा ते घसरले. हे मी लपवणार नाही, त्यांनी कधी लपवलं नाही. चौथ्या वर्षी त्यांची आई गेली आणि क्रियाकर्म आटोपल्यावर ते दोन दिवस घरी आले नाहीत. अक्का दारात बसून होती, मी सगळी दुकानं पालथी घातली. गुरुवारी साडेसहाला ते भांड्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. मळलेले, दाढी वाढलेली, पायात एकच चप्पल, आणि हातात स्वतःच काढलेला नकाशा. गुत्त्याच्या मालकानं नेहमीच्या शिरस्त्यानं रडणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दिला होता, काढणारा कोण हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. आत येऊन सगळ्यांसमोर पहिलं वाक्य बोलले ते हे: "नकाशा चुकलाय. मी तो शुद्धीत काढला. प्यालेल्याला तो नळ दिसतच नाही, तो खाली बघून चालतो. तिथं गटारावरची तुटलेली फरशी दाखवायला पाहिजे." आणि पुढच्या आठवड्यात बसून त्यांनी सगळे नकाशे खाली बघून चालणाऱ्या माणसासाठी नव्यानं काढले. दिवसांची मोजणी एकपासून सुरू केली. अक्कानं त्यांना काही विचारलं नाही, फक्त नवी चप्पल आणून ठेवली. त्यानंतर मात्र रोज, मरेपर्यंत, त्या घरात एकाच गोष्टीला महत्त्व होतं. आजचा दिवस तसाच गेला की नाही. बाकी पगार, बढती, माझी नाटकं, सगळं त्यानंतर.

गेल्या महिन्यात तेरावा झाला आणि त्यानंतर गुरुवार आला. खोलीची किल्ली अक्काकडे. ती इतक्या वर्षांत गुरुवारी तिथं कधी गेली नव्हती, "ती त्यांची जागा" म्हणायची. त्या दिवशी ती किल्ली घेऊन निघाली, मी मागोमाग. तिनं कुलूप काढलं, दिवा लावला आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं. नेहमीची मंडळी आली, एकेक करून तिला नमस्कार करून आत गेली. आवाज सुरू झाले. तेवढ्यात एक माणूस बोळातून आला. पस्तिशीचा असेल, शिंपी असावा, खिशाला सुया टोचलेल्या. अगदी सरळ, पाऊल मोजून, सभ्यपणे चालत होता. हातात पत्रिकेच्या पाठीवरचा नकाशा. कन्नडमध्ये त्यानं विचारलं, नकाशावाले अण्णा कुठं आहेत? अक्का म्हणाली, "ते गेले. तीन आठवडे होत आले."

तो तिथंच थांबला. नकाशाकडे बघितलं, आल्या वाटेकडे बघितलं. मग त्यानं असा प्रश्न विचारला, जो भेटायला आलेल्या शंभर माणसांपैकी एकानंही विचारला नव्हता. "पिऊन गेले, की न पिता?"

मला राग आला. मी पुढं झालो. अक्कानं हातानं मला मागं केलं आणि त्याच्याकडे वळून, घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. "शेवटी छाती गार पडत होती. डॉक्टर म्हणाले, आता तसं औषध नाही, चमचाभर ब्रँडी द्या, तेवढीच ऊब. शेजारच्यांनी आणून दिली. मी चमचा भरला, ओठाला लावला. त्यांनी तोंड उघडलं नाही."

"शुद्धीत होते?"

"ते मला ठाऊक नाही," अक्का म्हणाली. "उघडायची ताकद नव्हती की उघडायचं नव्हतं, कुणी सांगावं... मी दोनदा हाक मारली. ओठ मिटलेलेच. मग मी चमचा बशीत ठेवला आणि डॉक्टरांना म्हटलं, नको म्हणतायत."

हे तिनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं. आत कुणीतरी आपलं नाव सांगत होतं, फक्त पहिलं. मग तो शिंपी पायरीवर बसला आणि चपला काढू लागला. अक्कानं आधणात पत्ती टाकली, साखरेचा डबा ओढला आणि नेहमीच्या मापावर आणखी तीन चमचे घातले.

"पहिल्या दिवशी गोड जास्तच लागतं," ती त्याला म्हणाली, आणि मग मला, "बाळू, आत एक बस्कर वाढव."